बसू का?

ठकूमावशींचं पहिलं वाक्य ठरलेलं असायचं. घर बंगला असो, सिडकोतलं दोन खोल्यांचं असो की मळ्यातलं पत्र्याचं, उंबऱ्याशी चपला काढून त्या आत जात, बायका बसल्या असतील त्या बाजूला वळत आणि सगळ्यात जवळच्या बाईला विचारत, “बसू का?”

मयताच्या घरी असं कोणी विचारत नाही. माणसं येतात, हात जोडतात, भिंतीला टेकून उभी राहतात आणि थोड्या वेळाने घड्याळात बघतात. त्यामुळे ती बाई चमकून वर बघायची, नकळत जराशी सरकायची, आणि मावशी त्या सरकलेल्या जागेत फरशीवर बसायच्या. पुढचं सगळं बोलणं त्या वीतभर जागेवरून व्हायचं.

मी नेत्रपेढीत तंत्रज्ञ आहे. कोणी गेलं आणि घरच्यांची तयारी असली, तर सहा तासांच्या आत तिथे पोचून डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा काढून आणायचा, हे माझं काम. काम पंधरा-वीस मिनिटांचं असतं. चेहऱ्यात काही फरक पडत नाही, शेजारी बसलेल्या माणसालाही कळत नाही. पण त्याआधी त्या घराला कोणीतरी विचारावं लागतं. तेही माझ्याच कामात धरलेलं आहे, आणि ते मला कधी धड जमलं नाही. हातात चिमटा दिला तर माझा हात जराही कापत नाही. पण रडणाऱ्या माणसासमोर उभा केला, की माझी जीभ सरकारी कागदासारखी चालायला लागते.

ठकूमावशींची सिडकोतल्या एका चौकात फुलांची टपरी होती. मखमलाबादला त्यांचा स्वतःचा थोडा मळा, झेंडू आणि शेवंती घरची, गुलाब तेवढे बाजारातून. वय साठीच्या पुढे, अंगाने काटक, बोटं झेंडूने कायमची पिवळट. हार ओवायची लांब सुई त्या पदराला खांद्याशी टोचून ठेवत. मयताच्या घरात शिरण्याआधी मात्र ती सुई काढून माझ्या हातात देत. “गळ्यात पडतात बाया,” त्या म्हणाल्या होत्या. “टोचंल कोणाला.” मी ती शर्टाच्या खिशात उभी लावून ठेवायचो. इतक्या वर्षांत खिशाला बारीक भोकांची रांग झाली होती.

त्या आमच्याकडे आपणहून आल्या. नेत्रपेढीच्या दारात उभं राहून डॉक्टरीणबाईंना त्यांनी तेच विचारलं, “बसू का?” मग खुर्चीवर टेकून म्हणाल्या, “कोण गेलं ते तुमच्या आधी मला कळतं. मी येऊ का तुमच्यासंगं इचारायला?”

कळायचं ते हारावरून. देवाचा हार घेणारा माणूस भाव विचारतो, गुलाब किती घालणार ते विचारतो, दोन फुलं वर मागतो. मयताचा हार घ्यायला आलेला माणूस नुसतं “एक मोठा हार” म्हणतो आणि रस्त्याकडे बघत राहतो. मावशी कधी “कोणासाठी?” म्हणाल्या नाहीत. “कुठं पोचवू?” एवढंच विचारायच्या. पत्ता मिळाला की टपरी सुनेवर सोपवून हार घेऊन स्वतः निघायच्या. त्या हाराचे पैसे घ्यायच्या नाहीत, आणि ते गिऱ्हाईक जाताना “या” म्हणायच्या नाहीत. वाटेत मला फोन यायचा, “दादा, पिशवी घेऊन ये.” पिशवी म्हणजे माझी अवजारांची बॅग.

आमच्याकडे विचारण्यासाठी एक छापील मजकूर आहे. नव्या माणसाने तो पाठ करायचा असतो. एकदा दुपारी टपरीवर बसून मी तो मावशींना वाचून दाखवला. “आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत. या कठीण प्रसंगी आपणांस नम्र विनंती आहे की...” मावशींचा ओवता हात थांबला.

“गणपती मंडळातून आला का तू? आता पावती फाडशील.”

“अहो मावशी, नम्रपणे विचारायला नको का?”

“नम्र म्हणलं म्हणून कोणी नम्र व्हतं का? इनंती म्हणलं की माणूस आधी खिसा चाचपतो.” त्यांनी दोऱ्याला गाठ मारली. “आणि तू उभा ऱ्हातो. उभ्यानं मागणारा एक तर भिकारी असतो, नायतर पोलीस. बसावं. बसू का म्हणावं. त्याला कोण नाय म्हणंल? पयला हो लहान घ्यावा.”

हे सगळं त्या शिकवायच्या आवेशात बोलत नसत. बोलता बोलता झेंडूची देठं खुडणं चालू असे. मी घरी येऊन ते वहीत लिहून ठेवायचो आणि दुसऱ्या दिवशी कोणाच्या तरी दारात गेलो की पुन्हा उभाच राहायचो.

अंबडच्या कारखान्यात कामाला असलेला चौतीस वर्षांचा एक मुलगा सकाळच्या पाळीला निघताना दारातच कोसळला, त्या दिवशीचं सांगतो. वडील, काका, मोठा भाऊ बाहेर प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसले होते. तिघांनी हो म्हटलं, भावाने सहीही केली. मी बॅग उघडणार, तेवढ्यात आतून आईचा आवाज आला, “माझ्या लेकराला हात लावायचा नाही.”

भाऊ म्हणाला, “तुम्ही करा तुमचं. मी आईला सांभाळतो.”

मावशींनी माझा दंड धरून मला मागे ओढलं. “तिनं नाय म्हणलंय,” त्या दबक्या आवाजात म्हणाल्या. “मंग सही काय धुवून प्यायची?”

त्या आत गेल्या. बसू का, झालं. आई सरकली. मग मावशींनी त्यांचं दुसरं वाक्य उच्चारलं. तेही ठरलेलंच होतं. “घरात काय म्हणायचे त्याला?”

“बंटी,” आई म्हणाली. “कागदावर प्रशांत.”

तिथून पुढे मावशींच्या तोंडी प्रशांत आला नाही, “तुमचा मुलगा” आला नाही, आणि आम्ही मंडळी सवयीने वापरतो तो “बॉडी” हा शब्द तर नाहीच नाही. बंटी लहानपणी कसा होता, बंटीला कोणती भाजी चालायची नाही, बंटीने पहिल्या पगारात काय आणलं. मी दाराआड उभा राहून घड्याळ बघत होतो. तास गेला. माझी चुळबुळ त्यांना आतूनसुद्धा कळत असणार, पण त्यांनी मान वळवली नाही.

“बंटीचे डोळे कोणावर गेलते?” त्यांनी विचारलं.

“माझ्यावर.”

“तेच मनात आलं माझ्या, तुला बघून.” मग बराच वेळ नुसता बायकांच्या रडण्याचा आवाज. “ते त्याच्यासंगं जाळायचे का मागं ठिवायचे, तू सांग. तू म्हणशील तसं. नाय म्हणलीस तरी मी हितंच बसते.”

आई कितीतरी वेळ मुलाकडे बघत राहिली. मग म्हणाली, “दिसंल का कोणाला त्यानं?”

“दिसंल.”

“मग उशी नीट लावा त्याला. मान अवघडली आहे.”

त्या घराचा होकार तो एवढाच. आमच्या फॉर्मवर तो लिहायला जागा नाही. मी उशी नीट लावली आणि काम केलं. बाहेर पडताना सवयीने माझ्या तोंडून निघून गेलं, “येतो हं.” मयताच्या घरातून निघताना येतो म्हणायचं नसतं हे मला लहानपणापासून माहीत आहे. पण जीभच ती. ओसरीवरच्या एका म्हाताऱ्या बाईने माझ्याकडे असं पाहिलं की मला जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं. रिक्षात बसल्यावर मावशींनी सुई परत मागून घेतली, पदराला टोचली आणि म्हणाल्या, “जाताना तरी गप ऱ्हायचं. येतानाच तुझं काय धड नसतं.”

सगळीकडे हो मिळायचा असं मात्र नाही. पंचवटीत एका म्हाताऱ्या गृहस्थांची बायको गेली होती. मावशी दीड तास बसल्या. ते सगळं ऐकून घेऊन शेवटी म्हणाले, “पुढच्या जन्मी आंधळी जन्मली तर? मला ते सोसणार नाही.” त्यांच्या पुतण्याने आम्हाला ऐकू जाईल असं म्हटलं, “मढ्यावर टपलेली गिधाडं आहेत ही.” मी काही बोलायला गेलो, तर मावशींनी मला डोळ्यांनीच गप्प केलं. गेलेल्या बाईंच्या पायांना हात लावला आणि त्या बाहेर पडल्या.

दहाव्या दिवशी माझं गोदावरीवर दुसऱ्याच एका दहाव्याला जाणं झालं. तिथे मावशी दिसल्या. फुलांची पुडी घेऊन त्या त्याच म्हाताऱ्या गृहस्थांच्या शेजारी पायरीवर बसल्या होत्या. पुतण्या पलीकडे खाली मान घालून उभा होता. नंतर मला कळलं, की ज्या ज्या घराने नाही म्हटलं, त्या प्रत्येक घराच्या दहाव्याला मावशी फुलं घेऊन जातात. हो म्हणणाऱ्या घरी जात नाहीत.

परतताना मी विचारलं, “असं उलटं का?”

“हो म्हणणाऱ्याकडं तुम्ही जाताच की. कागद देता, शाल देता. नाय म्हणणाऱ्याकडं कोण जातं? तो माणूस घरात बसून मनाला खात ऱ्हातो.” रिक्षा रविवार कारंजापर्यंत आली. मग रस्त्याकडे बघत म्हणाल्या, “मी बी नाय म्हणलं व्हतं, दादा.”

त्या दिवशी त्यांनी जे सांगितलं ते मी जसं आठवतं तसं लिहितो. त्यांचे मालक, म्हणजे आण्णा, बरेच दिवस छातीच्या दुखण्याने अंथरुणावर होते. दसऱ्याचा आदला दिवस. झेंडूवाल्याचं वर्ष त्या एका दिवसावर असतं. मुलगा ट्रकबरोबर बाहेरगावी होता. मावशी पहाटेच क्रेट भरून फुलबाजारात गेल्या. जाताना आण्णांना हाक मारली नाही, झोप मोडेल म्हणून. नऊ वाजता परत आल्या, तेव्हा आण्णा गार झाले होते. सून स्वयंपाकघरात होती. तिला वाटलं होतं, झोपलेत.

“कोणीतरी तुमच्या लोकांना फोन केला,” मावशी म्हणाल्या. “एक पोरगा आला. निळी फाईल हातात. दारात क्रेट व्हते उरलेले, त्याला अडखळला. उभ्या उभ्या मला इचारलं, किती वाजता गेले?”

“बरोबर आहे,” मी म्हणालो. “सहा तासांचा हिशेब असतो. आधी वेळ विचारावीच लागते.”

“व्हय. आता कळतं मला. तवा कुठं ठावं व्हतं? मला वाटलं, हा इचारतोय का तू कुठं व्हतीस.” त्यांनी पदर सारखा केला. “किती वाजता गेले ते मला म्हाईतच नव्हतं ना. मी बाजारात फुलं इकत व्हते. नाय म्हणलं, चालता हो म्हणलं. गेला बिचारा. आण्णांचे डोळे चांगले व्हते रे. शेवटपर्यंत सुईत दोरा तेच ओवून द्यायचे.”

मी म्हणालो, “मूर्ख होता. आमच्यातलाच कोणीतरी असेल. नाव आठवतं का?”

“नाव त्यानं सांगितलं कुठं?” मावशी म्हणाल्या. आणि थोड्या वेळाने, “मूर्ख नव्हता. लहान व्हता. त्याचं म्हणणं खरं व्हतं, सुरुवात चुकली. खरं म्हणणं असलं तरी सुरुवात चुकली की माणूस दार लावून घेतो. आण्णा तसेच गेले.”

मला हे लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा मला काहीही आठवलं नाही. निळ्या फाइली आमच्याकडे सगळ्यांनाच मिळायच्या. सणाच्या दिवसांत चार-चार ठिकाणी जावं लागतं. नकार आला की वहीत तसं लिहून पुढच्या घरी निघायचं. नकार देणाऱ्यांचे चेहरे कोण लक्षात ठेवतो? मी तर उलट त्या दिवसापासून त्या पोरावर मनातून रागावून होतो.

त्यानंतर माझ्यात एक बदल झाला. वेळ मी कधी घरच्या माणसाला विचारली नाही. शेजाऱ्याला गाठायचं, डॉक्टरांच्या कागदावरून बघायचं, नाहीतर होकार मिळाल्यावर पाहुण्यांपैकी कोणाला तरी बाजूला घेऊन विचारायचं. मावशींनी ते पाहिलं होतं. एकदा म्हणाल्याही, “बरं करतो.”

गेल्या वर्षी त्या वाळत गेल्या. पोटात गाठ निघाली, औषधं झाली, केस गेले. दिवाळीनंतर त्या टपरीवर यायच्या, पण शेजारी खुर्ची टाकून बसायच्या आणि हार ओवणारी सून मनीषा ओवताना चुकली की नुसतं बोट दाखवायच्या. शेवटची भेट झाली ती तिथेच. मी एका घरून नकार घेऊन आलो होतो आणि तोंड पाडून उभा होतो.

“बस आधी,” त्या म्हणाल्या. मी फुलांच्या पाटीशेजारी बसलो. “अजून जमंना का?”

“नाही मावशी. तुम्ही पाहिजे होतात.”

“जमंल. तुला फक्त घाई असती. पण ती तुझी नाय, घड्याळाची हाय. मला कळलंय ते.” त्यांनी खांद्याची सुई काढली. मला वाटलं, माझ्याकडे देतायत. ती त्यांनी मनीषाकडे दिली. “उद्या पाडव्याचे हार हायेत,” त्या तिला म्हणाल्या, आणि माझ्याकडे बघून, “जा आता.”

गुढीपाडव्याला दोन आठवडे होत नाहीत तोच, एका सकाळी अकराच्या सुमारास अनोळखी नंबरवरून फोन आला. “मी मनीषा. ठकूबाईंची सून. पिशवी घेऊन या.” मी बॅग उचलली.

इतक्या वर्षांत मावशींनी मला घरी कधी बोलावलं नव्हतं. “घरी कशाला, टपरीवर ये,” म्हणायच्या. मखमलाबादच्या पुढे मळ्याचा रस्ता मनीषाने पाठवलेल्या खुणेवरून शोधत गेलो. पाण्याची सिमेंटची टाकी आली. तिच्यामागे पेरूचं झाड, मग दोन पायऱ्या, आणि पायऱ्यांशी रचून ठेवलेले फुलांचे रिकामे क्रेट. तिथे माझे पाय थांबले. अशाच क्रेटला मी अडखळलो होतो. याच दारात, हातात निळी फाईल घेऊन, नाव न सांगता, उभ्या उभ्या विचारलं होतं. तो पोरगा मीच होतो.

मला परत फिरावंसं वाटलं. दुसऱ्या कोणाला पाठवता येईल का, असा विचारही आला. पण “पिशवी घेऊन या” असं मलाच सांगितलं होतं. क्रेट ओलांडून मी आत गेलो.

आत पंखा बंद होता. मावशींच्या डोक्याखाली उशी होती, मिटल्या डोळ्यांवर ओल्या कापसाच्या घड्या होत्या. आम्ही येईपर्यंत डोळे सुकू नयेत म्हणून काय करायचं, ते लोकांना सांगून सांगून आम्ही थकतो. या घरात ते सगळं करून ठेवलेलं होतं. मनीषा उशाशी बसली होती, बाजूला चार-पाच बायका.

“बसू का?” मी विचारलं.

मनीषा सरकली. मी फरशीवर बसलो. दुसरं वाक्य मला म्हणता येईना. घरात त्यांना काय म्हणत ते मला ठाऊक होतं आणि मी काय म्हणत होतो तेही. मी मान खाली घालून बसून राहिलो आणि डोळे पुसले. कोणाच्या मयताला मी रडलो ती ही पहिलीच वेळ.

मग मनीषाच बोलली. “तुम्ही आला होतात इथं. आण्णांच्या वेळी. मी आत होते.”

“हो,” मी म्हणालो. “मला आत्ता बाहेर कळलं.”

“आईंनी तुम्हाला ऑफिसात पहिल्या दिवशीच ओळखलं होतं.”

“मग मला कधी बोलल्या का नाहीत?”

“मी पण म्हटलं होतं त्यांना, सांगून टाका. तर म्हणाल्या, सांगितलं तर तो दुसऱ्याच्या दारात जायला भील.” तिने पदराने तोंड पुसलं. “परवा मला जवळ बसवून म्हणाल्या, तो येईल, बसेल, पण वेळ काय तो इचारणार नाय. त्याला लिहायला लागती. तू घड्याळ बघून ठेव आणि तूच सांग.”

मी फाईल उघडली. वेळेच्या चौकटीशी पेन नेलं, पण ते तिथेच थांबलं.

“लिहा,” मनीषा म्हणाली. “दहा वाजून पन्नास मिनिटं. मी जवळच होते. हात हातात होता त्यांचा.”

मी लिहिलं. मनीषाने मावशींच्या मानेखालची उशी जरा वर सरकवली, आणि मला उशाशी बसता यावं म्हणून आणखी थोडी सरकून बसली.